माझा वाटा

मराठीच्या प्राध्यापकाला प्रयोगशाळा नसते. त्यामुळे त्याला वेळ भरपूर असतो, असा महाविद्यालयातील सर्वांचा पक्का समज असतो. मग स्नेहसंमेलन, भित्तिपत्रक, पाहुण्यांचा परिचय आणि आभारप्रदर्शन ही कामे ओघानेच त्याच्याकडे येतात. या सर्वांवर कळस म्हणून काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनाही माझ्या गळ्यात पडली. 'पडली' हा शब्द मी तेव्हा वापरत असे. आता वापरत नाही. तो का सुटला, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच!

ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील सदतीस विद्यापीठांत सुरू झाली. 'मी नव्हे, तू' हे तिचे ब्रीद. विद्यार्थ्याने वर्षाला एकशे वीस तास सेवा करावी, असा नियम आहे. आमची मुले हे एकशे वीस तास वाण्याच्या उधारीसारखे मोजतात. रस्ता झाडला, चार तास. झाडे लावली, सहा तास. मुलांना मी कशाला नावे ठेवू? मीसुद्धा तेच मोजत होतो.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मुंबईच्या दोन महापालिका शाळांतली बेचाळीस मुले पाच दिवसांच्या शिबिरासाठी मालवणला आली. चौथी-पाचवीची मुले ती. एका स्नेह्याने विचारले, "तुमचे विद्यार्थी सांभाळतील का?" मी होकार दिला आणि मग विचार करत बसलो. आजवर मुंबईची तरुण मंडळी खेड्यात यावी आणि आम्हाला काहीतरी शिकवून जावी, असाच शिरस्ता. इथे मामला उलटा होता. शिकणार मुंबई आणि शिकवणार कोण, तर देवबाग-तारकर्ली-कट्ट्याची माझी बारा पोरे! त्यांतली निम्मी जेमतेम एकोणीस वर्षांची, आणि व्यासपीठावर उभी राहिली की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणारी.

कुडाळ स्टेशनावर पहाटेच्या गाडीने मुले उतरली. तिथून एस.टी.ने तासाभरात मालवण. शाळेच्या पडवीत पिशव्या टाकून सगळी वरात किनाऱ्यावर गेली. समोर लांबच लांब वाळू, सुरूची झाडे आणि निळे पाणी. एक चिमुरडा माझा सदरा ओढून हळूच म्हणाला, "सर, आत जायला तिकीट किती?"

मुंबईला काय समुद्र नाही? आहे की. पण त्याच्या वस्तीपासून तिथवर जायला दोन बसगाड्या लागतात आणि आईला सुट्टी नसते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी देवबागची एक मुलगी शेजारी उभी होती. द्वितीय वर्ष कलाशाखेची ही मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसते. तिने त्या पोराचा हात धरला आणि म्हणाली, "तिकीट नाय रे. चप्पल काढ, झाला."

शिबिराचे वेळापत्रक मी मोठ्या हौसेने आखले होते. सकाळी प्रार्थना, मग बौद्धिक, दुपारी 'व्यक्तिमत्त्व विकास', संध्याकाळी समूहगीते. पहिल्याच दिवशी ते कोसळले. वक्ते चाळीस मिनिटे 'उद्याचे नागरिक' या विषयावर बोलले, तेव्हा उद्याचे नागरिक एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून गाढ झोपले होते. रात्रभर प्रवास केलेली लेकरे ती! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात देवबागची ती मुलगी घुटमळत पुढे आली. "सर, उद्या सकाळी रापण आसा. पोरांना नेऊ?"

ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळे अर्धगोलात समुद्रात सोडत नेतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगांत माणसे उभी राहून दोर ओढू लागतात. ओढता ओढता रांगा एकमेकींच्या जवळ येतात आणि शेवटी मासळीने चमचमणारा फुगा वाळूवर येतो. ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. आमची मुंबईकर मंडळी हा सोहळा आधी लांबूनच बघत होती. रांगेतला एक म्हातारा ओरडला, "बघतास काय नुसते? धरा दोरी!"

बेचाळीस मुलांनी दोर धरला. त्यांच्या ओढण्याने जाळे किती पुढे आले असेल, ते दर्याच जाणे. पण मासळीचे वाटे घालताना त्या म्हाताऱ्याने एक टोपली बांगडे पोरांपुढे ठेवले. दोराला ज्याने हात लावला, त्याला त्याचा वाटा मिळाला पाहिजे, हा रापणीचा न्याय!

आता वाटणी करायची. मुले बेचाळीस, विद्यार्थी बारा आणि मी एक, असे आम्ही पंचावन्न. बांगडे मोजले, ते भरले एकशे पंधरा. पाचवीतल्या एका मुलाला त्याच्या शिक्षकांनी 'भागाकार येत नाही' असा शेरा मारून पाठवले होते. तिने नेमके त्यालाच पुढे केले. त्याने वाळूत पंचावन्न रेघा ओढल्या आणि प्रत्येक रेघेपुढे एकेक बांगडा ठेवत गेला. दोन फेऱ्या झाल्या. हातात पाच उरले. तो गोंधळून तिच्याकडे बघू लागला.

"ही बाकी," ती म्हणाली. "आता बाकीचं काय करायचं, ते तूच सांग."

पोराने क्षणभर विचार केला. "जेवण करणाऱ्या मावशीला देऊ. तिला आपण मोजलंच नाही."

मी वीस वर्षे शिकवतो आहे. भागाकाराचा असा सुंदर तास मी तरी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्गावर गेलो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले, चोहोबाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सारे आमच्या एका विद्यार्थ्याने तोंडपाठ म्हणून दाखवले. तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारले, "पण दादा, खाऱ्या समुद्रात गोडं पाणी येतं कुठून?" दोन दिवसांत तिने तोंडातून काढलेला हा पहिलाच शब्द असावा. विद्यार्थी लालबुंद झाला. मी मदतीला सरसावणार, इतक्यात तो म्हणाला, "मला माहीत नाही गं. संध्याकाळी विचारून सांगतो."

मला वाटले, सुटका करून घेतली बेट्याने. आपण मोठी माणसे अशीच सुटका करून घेतो. संध्याकाळी इतर मुले खाज्यावर तुटून पडली होती, पण ती मुलगी पडवीच्या पायरीवर बसून फाटकाकडे बघत होती. सातच्या सुमारास तो धावतपळत आला. भूगोलाच्या सरांचे घर गाठून आला होता. पेल्यात मीठपाणी घेऊन त्याने तिला समजावले : बेटावर पडणारा पाऊस खडकाच्या भेगांतून खाली मुरतो, गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. तिने सगळे ऐकून घेतले, मान हलवली आणि मग आपले खाजे खाल्ले.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मीही एकदा असाच पायरीवर बसलो होतो.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. मे महिन्यात आमच्या गावच्या शाळेत मुंबईच्या कॉलेजमधल्या मुलांनी शिबीर भरवले होते. त्यांत एक दादा होता. त्याने मला खड्या आवाजात वाचायला शिकवले. घरी वडील होते, पण त्यांचा धाक वाटे. शाळेत मास्तर होते, त्यांचा अधिकच वाटे. हा मात्र ना बाप, ना मास्तर. माझ्यापेक्षा दहाच वर्षांनी मोठा, माझ्यासारखाच आंब्यावर दगड मारणारा, आणि तरीही पुस्तके वाचणारा! आपणही दहा वर्षांनी असे होऊ शकू, हे मला त्याच्याकडे बघून कळले. जाताना तो म्हणाला, "मुंबईला गेलो की तुला पत्र लिहीन. एक पुस्तकही पाठवीन."

जूनभर मी रोज टपालकचेरीत जात होतो. पोस्टमन शेवटी वैतागून म्हणाला, "इला तर मीच घराक हाडून दितलंय. तू कित्याक येतंस रोज?" तेव्हापासून मी घराच्या पायरीवर बसू लागलो. पत्र आले नाही. पुस्तकही आले नाही. त्या दादाचे पाच दिवस संपले होते. माझे तिथून सुरू झाले होते.

या वयाच्या तरुणांनी मुलांना शिकवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले, एस. एम. जोशी त्याचे प्रमुख झाले. तेव्हापासून किती पिढ्यांच्या संध्याकाळी त्या मैदानांवर गेल्या! आमच्याच किनाऱ्यावर शिरोड्याच्या शाळेत १९२० साली एक बावीस वर्षांचा तरुण मास्तर म्हणून आला. तो पाच दिवसांनी परत गेला नाही. अठरा वर्षे राहिला. पुढे त्या वि. स. खांडेकरांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांना ज्ञानपीठापेक्षा त्या अठरा वर्षांचे मोल अधिक वाटत असेल, अशी माझी समजूत आहे.

मुंबईतही असा एक मोठा प्रयोग झाला. 'प्रथम' ही संस्था १९९४ साली तिथे सुरू झाली. महापालिका शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी तिने 'बालसखी' नेमल्या. वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी, थोडे प्रशिक्षण, थोडे मानधन आणि समोर वीसेक मुले. ती रोज दोन तास त्यांना वर्गाबाहेर घेऊन बसे आणि ज्याला जे येत नाही तिथून सुरुवात करी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत व बडोद्यात या कामाची काटेकोर पाहणी केली; २००७ साली ती प्रसिद्ध झाली. या दोघांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांची प्रगती ठळक दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांची अधिक. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने पुन्हा मुलांना तपासले, तेव्हा मिळवलेल्यातले बरेचसे ओसरले होते. काही उरले होते. नाही असे नाही. पण भरती गेल्यावर खळग्यात पाणी उरावे, तितकेच.

रोज दोन तास शिकवूनही जिथे हे होते, तिथे आमच्या पाच दिवसांची काय कथा? पाहणीतल्या त्या आकड्यांत मला पायरीवर बसलेला एक मुलगा दिसत होता.

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी मी ही हकीगत माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली. म्हटले, "उद्या ही मुले विचारतील, 'पुन्हा कधी भेटणार?' तोंडाला येईल ते बोलू नका. जे जमणार नाही ते कबूल करू नका." बारा जण गप्प बसले. मग त्यांची आपापसांत कुजबुज झाली आणि देवबागच्या मुलीने ठराव मांडला. मुलांच्या घरी फोन आहेत, पण ते आईबापांच्या खिशात असतात. पत्र मात्र मुलाच्या नावाने येते. तेव्हा प्रत्येकाने काही मुले वाटून घ्यायची आणि महिन्याला एक पोस्टकार्ड लिहायचे. जानेवारी ते मे. त्यापुढचे काहीही कबूल करायचे नाही. शिवाय निघताना प्रत्येक मुलाच्या हाती महाविद्यालयाचा पत्ता लिहिलेले एकेक कोरे कार्ड द्यायचे.

वाटणी सुरू झाली. मी समाधानाने खुर्चीत रेलून बघत होतो. एवढ्यात ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "सर, तुमचो वाटो?"

"माझा?"

"तुम्ही पण दोर ओढलात ना, सर."

ओढला होता खरा. बेचाळीस भागिले तेरा : प्रत्येकी तीन, बाकी तीन. ती बाकी तिने मुकाट्याने आपल्याकडे घेतली. माझ्या वाट्याला आलेल्या तिघांत विहिरीचा प्रश्न विचारणारी ती मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी मुले गेली. 'तिकीट किती' विचारणारा पोरगा एस.टी.च्या खिडकीतून ओरडत होता, "ताई, तू येशील ना मुंबईला?" तिचे डोळे भरले होते. 'हो' म्हणणे किती सोपे होते! ती म्हणाली, "येवक जमणार नाय रे. पण कार्ड लिहीन. पहिल्या आठवड्यात." पोराचा चेहरा पडला, पण गाडी हलताना त्याने हातातले कोरे कार्ड झेंड्यासारखे हलवले.

जानेवारीत तेराही जणांनी कार्डे लिहिली. आमच्या खोलीच्या भिंतीवर तिने एक तक्ता लावला आणि कार्ड पडले की खूण करू लागली. फेब्रुवारीतही सगळ्यांच्या खुणा झाल्या. मार्चमध्ये परीक्षा आल्या आणि दोघातिघांच्या रांगा रिकाम्या राहिल्या. मी त्यांना बोलावून चांगले खडसावले. "वचन म्हणजे काय चेष्टा आहे?" वगैरे. प्राध्यापकाला असे बोलण्याची सवयच असते. पोरे खाली मान घालून ऐकत होती. त्यांतला एक जण एकदा तक्त्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गेला. मला त्यावेळी त्याचा अर्थ कळला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत पाठवून मी टेबलाचा खण आवरायला घेतला. खडूंच्या डब्याखाली सहा कोरी पोस्टकार्डे निघाली. मार्चची तीन आणि एप्रिलची तीन. मी तसाच उठून तक्त्यापाशी गेलो. तेराव्या रांगेत, म्हणजे माझ्या रांगेत, दोनच खुणा होत्या. इतरांच्या चुकल्या महिन्यांवर तिने लाल शाईने फुली मारली होती. माझ्या चौकोनात मात्र काहीच नव्हते. प्राध्यापकाला फुली मारायचे धैर्य तिला झाले नसावे. ती कोरी जागा मला फुलीहून अधिक झोंबली.

मी त्या खुर्चीवर बराच वेळ बसून राहिलो. बत्तीस वर्षे मी त्या दादावर मनातल्या मनात एक खटला चालवत होतो. तो आला असता तर मी त्याला काय काय सुनावणार होतो! आणि आता तो मला स्पष्ट दिसला. एकवीस वर्षांचा, परीक्षेच्या अभ्यासात बुडालेला, 'उद्या लिहू' म्हणून कार्ड खणात ठेवणारा. त्याने मला फसवले नव्हते. त्याला फक्त उद्या सापडला नव्हता. मलाही सापडला नव्हता, आणि माझे वय तर त्याच्या दुप्पट!

वाईट माणसे मुलांना टाकून जातात, असे आपल्याला वाटते. तसे नसते. बहुतेक वेळा चांगली माणसेच, चांगल्या कामाच्या गर्दीत, मुलांना पायरीवर विसरतात. शिबीर भरवायला उत्साह पुरतो. तो तरुणांकडे भरपूर असतो. सहाव्या दिवसानंतर लागते ती निराळीच चीज. तिला तक्ता लागतो, खूण लागते आणि देवबागच्या त्या मुलीसारखे कोणीतरी, जे वाटणीत उरलेली बाकीही आपल्या अंगावर घेते. तिच्या सहाही मुलांना पाचही महिने कार्डे गेली. बारांपैकी नऊ जणांची पाचही कार्डे पूर्ण झाली. मी त्या नवांत नव्हतो.

त्याच दिवशी मी तिन्ही मुलांना पत्रे लिहिली. कारणे दिली नाहीत. 'मी विसरलो, माझी चूक झाली' एवढेच लिहिले. दहा वर्षांच्या मुलाला असे लिहिताना माझ्यासारख्या भाषेच्या प्राध्यापकाला चार कार्डे फाडावी लागली, हेही सांगून टाकतो.

पंधरा दिवसांत एक उत्तर आले. आमच्याच पत्त्याचे, निघताना दिलेले ते कार्ड. अक्षर मोठे आणि ओळी उतरत गेलेल्या. विहिरीवाल्या मुलीने लिहिले होते :

'सर, तुमचे कार्ड मिळाले. मार्च आणि एप्रिलचे आले नाही म्हणून मला वाटले की पत्ता चुकला. पण आमचा पत्ता बरोबर आहे. विहिरीचे पाणी अजून गोड आहे का?'

एवढेच. मी ते कार्ड शिपायाच्या हातातून घेतले तेव्हा माझे हात किंचित थरथरत होते. बत्तीस वर्षे उशिरा का होईना, मुंबईहून माझ्या नावाने कार्ड आले होते.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद होतात. त्याआधीच्या रविवारी मी धक्क्यावर गेलो आणि पहिल्या होडीत बसलो. नावाड्याने विचारले, "पावणे खंय?" दरवेळी मी कोणीतरी पाहुणे घेऊन येतो, एकटा कधी येत नाही. म्हटले, "आज कोणी नाही. जरा काम आहे." किल्ल्यातल्या एका घरी पाणी मागितले. म्हातारीने विहिरीचे पाणी तांब्याभर आणून दिले. ते मी सावकाश, चव घेत प्यालो.

मग तिथेच तटाच्या सावलीत बसून खिशातले कार्ड काढले आणि पहिले वाक्य लिहिले : 'पाणी गोड आहे. मी आजच पिऊन पाहिले.'